अठ्ठावीस: चार पानांवर बोली आणि झाकलेला हुकूम

बदामराणी

गणपतीच्या जागरणाला आमच्या मजल्यावर दरवर्षी मेंढीकोट रंगतो. यंदा भाची आणि तिच्या मैत्रिणी मागे लागल्या, "मावशी, तुझा तो अठ्ठावीस शिकव." नियम दहा मिनिटांत सांगून झाले, पण पोरी खेळायला बसल्या तेव्हा दिसलं की खरा खेळ नियमांत नाहीच. बोली कशाच्या जोरावर लावायची आणि झाकलेला हुकूम कधी मागायचा, हे कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं. मला ज्यांनी सांगितलं ते आता मुंबईत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवते.

माझं लहानपण अणुशक्तीनगरच्या वसाहतीत गेलं. एकाच जिन्यावर मराठी, मल्याळी, बंगाली, तमिळ घरं. तळमजल्यावरच्या मल्याळी काकांकडे रविवारी दुपारी चटई पडायची. ते या खेळाला 'इरुपत्तियेट्टु' म्हणत, म्हणजे अठ्ठावीसच. खेळ केरळचा, पण आमच्या जिन्यातल्या मराठी पोरांना तो आपलाच वाटायचा. काका हुकमाचं पान केळ्याच्या वेफर्सच्या डब्याखाली पालथं सरकवायचे, आणि मग आम्हा चौघांच्या नजरा त्या डब्यावरून हलायच्या नाहीत.

कॅटमधून दुर्रीपासून छक्कीपर्यंतची पानं काढून टाकायची. उरतात ३२. चार जण, समोरासमोरचे दोघे भिडू. वाटणं, बोली, खेळ, सगळं उजवीकडून फिरतं. पानांची किंमत मात्र नव्याने शिकावी लागते: सगळ्यात मोठा गुलाम, मग नव्वी, मग एक्का, दश्शी, राजा, राणी, अठ्ठी, सत्ती. गुलामाचे ३ गुण, नव्वीचे २, एक्का आणि दश्शीचा एकेक. राजा-राणीला काही नाही. एका रंगात ७ गुण, चार रंगांचे २८. नाव तिथूनच आलं.

आधी प्रत्येकाला चारच पानं वाटायची. त्या चारांवर बोली. वाटणाऱ्याच्या उजवीकडचा सुरुवात करतो, त्याला किमान १४ म्हणावंच लागतं. पुढचे वाढवतात किंवा पास म्हणतात. शेवटी ज्याची बोली राहते तो आपल्या चारांतलं एक पान निवडून पालथं ठेवतो. त्या पानाचा रंग हुकूम, आणि तो त्याच्याखेरीज कुणालाच माहीत नाही, त्याच्या भिडूलाही नाही. मग उरलेली चार-चार पानं वाटायची.

पहिली उतारी, म्हणजे पहिलं पान टाकणं, वाटणाऱ्याच्या उजवीकडच्याकडे. चौघांची एकेक पानं पडली की एक हात. उतरलेल्या रंगाचं पान असेल तर तेच टाकायचं. नसेल तर दोन वाटा आहेत: दुसरं कुठलंही पान टाकून गप्प राहा, नाहीतर "हुकूम दाखवा" म्हणा. मागितला की पान उलटतं, बोलीवाल्याच्या हातात परत जातं, आणि मागणाऱ्याकडे हुकूम असेल तर त्याच हातावर तो टाकावाच लागतो. हुकूम उघडेपर्यंत त्या रंगाच्या पानाला काहीही जास्तीचा जोर नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: हुकूम बंद आहे तोवर बोलीवाल्याला त्या रंगाची उतारी करता येत नाही. हातात दुसरं काही उरलंच नसेल तरच.

आठ हात झाले की बोलीवाल्या जोडीने जिंकलेल्या हातांतले गुण मोजायचे. बोलीइतके झाले तर डाव त्यांचा. १७ची बोली असेल तर विरुद्ध जोडीने १२ गुण उचलले की ती बुडाली. आमच्या चटईवर २०च्या खालची बोली साधली तर एक, बुडाली तर दोन असा हिशेब होता. २० आणि वरच्या बोलीला साधल्यावर दोन, बुडाल्यावर तीन. न जमणारं बोलणं महाग पडावं म्हणून काका या हिशेबावर ठाम असत, आणि मलाही तो योग्य वाटतो.

गिरगावकर

वा, नीट समजलं. आम्ही चाळीत मेंढीकोट बंद हुकमाने खेळतो, त्यामुळे झाकलेलं पान ओळखीचं आहे. पण बोली कशी ठरवायची? चार पानांवर काय अंदाज येणार? तेरा हातात आली तरी आमचे अंदाज चुकतात.

बदामराणी

गिरगावकर, चार पानांवर अंदाज बांधायचा असतो तो हुकमाचा. सगळ्या डावाचा अंदाज येतच नाही. दोन हात, म्हणजे वाटून आलेली चार-चार पानं, मांडते.

पहिला: इस्पिक गुलाम, इस्पिक नव्वी, इस्पिक सत्ती, बदाम एक्का. यात गुण सहाच आहेत, पण इस्पिकातली सगळ्यात वरची दोन पानं तुमची आणि तिसरं इस्पिक जोडीला. मी यावर १७पर्यंत जाईन.

दुसरा: किलवर गुलाम, चौकट गुलाम, बदाम नव्वी, इस्पिक राजा. गुण आठ. नवीन माणूस इथे हटकून १९ म्हणतो आणि बुडतो, कारण कुठलाही रंग हुकूम केला तरी जोडीला पान नाही. हा हात भिडूच्या बोलीला पाठिंबा द्यायला फार उत्तम, स्वतः बोलायला वाईट.

आणखी एक ध्यानात ठेवा. चार गुलामांचे १२ आणि चार नव्व्यांचे ८, म्हणजे २८पैकी २० गुण फक्त आठ पानांत आहेत. १६ पानांना काहीच किंमत नाही. म्हणून हात किती केले हे मोजू नका, गुलाम आणि नव्व्या कुठे गेल्या ते मोजा. मेंढीकोटात तुम्ही चार दश्श्यांवर डोळा ठेवताच, इथे आठ पानांवर ठेवायचा.

कर्जत_सेमीफास्ट

आमच्या लोकलच्या डब्यात हा खेळ वर्षानुवर्षं चालायचा. चौघांच्या गुडघ्यांवर ब्रीफकेस, तिच्यावर वर्तमानपत्र. कल्याण सुटलं की वाटणी, आणि घाटकोपर गेलं की शेवटचा डाव. झाकलेलं पान खिडकीच्या वाऱ्याने उडू नये म्हणून बोलीवाला त्यावर पासाचं पाकीट ठेवायचा.

पण त्याच डब्यात एक वाईट गोष्टही पाहिली. एक जोडी खुणा करायची. खोकला म्हणजे बदाम, चष्मा सारखा केला की किलवर. आम्हाला कळायला दोन महिने लागले. कळल्यावर त्यांच्याशी खेळणं बंद केलं, आणि इतक्या वर्षांची मैत्रीही तिथेच संपली. या खेळात सगळी गंमत त्या एका पालथ्या पानावर आहे. ते पान भिडूला आधीच माहीत असेल तर खेळायला राहिलंच काय? मुलींना शिकवताना हे पहिल्याच दिवशी सांगा, ही विनंती.

बदामराणी

पूर्ण सहमत. आमच्या काकूंनी एकदा स्वतःच्या मुलाला यासाठी चटईवरून उठवलं होतं. तो आमच्यापेक्षा मोठा होता, तरी.

शिवडीकर

ताई, एक शंका. बोली जिंकल्यावर कुठलं पान पालथं ठेवायचं? आम्ही हॉस्टेलवर गुलामच ठेवायचो. तो सुरक्षित राहतो, चुकून पडत नाही.

बदामराणी

मी याच्या विरुद्ध आहे. पालथं पान हुकूम उघडेपर्यंत तुमच्या हातात नसतं. समजा गुलाम झाकला आणि हातात इस्पिक सत्ती आहे. विरुद्ध बाजूच्याने इस्पिक नव्वी उतरवली. तुम्हाला सत्ती टाकावी लागते आणि गुलाम तुमचाच असून दोन गुण डोळ्यांदेखत जातात. सत्ती झाकली असती तर गुलामाने तो हात उचलला असता. म्हणून त्या रंगातलं सगळ्यात हलकं पान झाकायचं.

शिवडीकर

पण मग हुकूम बंद असताना गुलाम हातातून टाकला की सगळ्यांना कळतं, हुकूम कुठला ते.

बदामराणी

कळू दे की. गुलाम तुमचाच हे कळल्याने तुमचं नुकसान कमी, दोन-तीन गुण गेल्याने जास्त. हुकूम एकाच पानाचा असेल, म्हणजे गुलाम आणि बाकी काही नाही, तर मात्र तोच झाकावा लागेल. पण एकट्या गुलामावर बोली लावलीच कशाला?

गिरगावकर

आता माझा मुख्य प्रश्न. मेंढीकोटात रंग संपला की आम्ही पहिल्याच संधीला हुकूम मागतो. तुम्ही वर म्हणालात की कधी मागायचा हे शिकावं लागतं. थांबायचं कशासाठी?

बदामराणी

याच प्रश्नासाठी हा धागा काढला, म्हणून जरा सविस्तर.

तुम्ही बोलीवाल्याच्या विरुद्ध आहात असं धरा. त्याने तो रंग निवडलाय कारण गुलाम, बहुतेक नव्वीही, त्याच्याकडे आहे. पण हुकूम बंद आहे तोवर त्याला त्याची उतारी करता येत नाही. घरात सोनं आहे पण कपाटाची किल्ली तुमच्याकडे, अशी त्याची स्थिती. तुम्ही एका गुणाच्या हातासाठी "दाखवा" म्हणालात की किल्ली तुम्हीच त्याच्या हातात दिली. त्याला पुढची उतारी मिळाली की तो गुलाम उतरवणार, मग नव्वी, आणि तुमच्या जोडीकडचे दोन-तीन हुकूम दोन हातांत गळून जाणार.

म्हणून आधी हातावर किती गुण पडलेत ते पाहा. काहीच नसेल किंवा एखादा असेल तर हलकं पान टाकून सोडून द्या. तीन किंवा जास्त असतील तर मागा. उदाहरणार्थ, बोलीवाल्याच्या भिडूने बदाम गुलाम उतरवला, तुमच्या भिडूने सत्ती टाकली, बोलीवाल्याने खुशीत नव्वी चढवली. पाच गुण टेबलावर, शेवटचं पान तुमचं, आणि बदाम तुमच्याकडे नाही. इथे न मागणं हा गुन्हाच.

दुसरं, तुमची जागा. शेवटी असाल तर हिशेब पक्का असतो. दुसऱ्या जागी असाल तर तुमच्यानंतर दोन पानं पडायची आहेत. बोलीवाल्याकडेही तो रंग नसेल तर तुमच्या हुकमावर तो मोठा हुकूम मारेल.

तिसरं मी काकूंकडून शिकले. काकू खेळताना एक शब्द बोलायच्या नाहीत, फक्त पाहायच्या. बोलीवाल्याला हुकमाची उतारी करता येत नाही, बरोबर? म्हणजे तो ज्या-ज्या रंगाची उतारी करतो तो रंग हुकूम नाही! त्याने एकदा किलवर आणि एकदा चौकट उतरवली की उरले बदाम आणि इस्पिक. त्यातला एक तुमच्या हातात अजिबात नसेल, तर मागून उपयोग होण्याची शक्यता निम्मीच. अकरा वर्षांची असताना हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी चटईवर उभीच राहिले होते. पालथं पान न उलटता वाचता येतं, याचा तो आनंद अजून आठवतो.

गिरगावकर

हे मात्र बंद हुकमाच्या मेंढीकोटात आम्ही कधी लक्षातच घेतलं नव्हतं. धन्यवाद!

कांजूरची

आमच्या शेजारी बंगाली कुटुंब होतं, ते याला 'ऊनत्रिश' म्हणायचे, म्हणजे एकोणतीस. पानं आणि गुण अगदी हेच, शेवटचा हात जिंकणाऱ्याला एक गुण जास्तीचा, म्हणून २९. गुण लिहून ठेवायचे नाहीत. बाजूला काढलेल्या छक्क्यांतली एक लाल आणि एक काळी प्रत्येक जोडीला द्यायचे. जिंकलात की लाल छक्कीवरचा एकेक ठिपका उघडायचा, हरलात की काळ्या. त्यांच्यात जोडीही असायची: हुकमाचा राजा आणि राणी एकाच्याच हातात आली की बोलीवाल्याला चार गुण कमी लागतात, विरुद्ध बाजूकडे आली तर चार जास्त.

बदामराणी

हो, जोडी आमच्याकडेही कधीकधी खेळायचे. पण हुकूम उघडल्यावर आणि तुमच्या बाजूने एक तरी हात जिंकल्यावरच ती दाखवता येते. नवीन मुलांना पहिले दहा डाव जोडीशिवाय खेळवावं असं माझं मत, नाहीतर ती राजा-राणीच्या मागे लागून गुलाम विसरतात.

माटुंगा_पूर्व

आमच्या इमारतीत तमिळ मित्रांमुळे ३०४ खेळलो. चुलत भावंडं आहेत ही. तिथेही ३२ पानं आणि हाच क्रम, फक्त गुण मोठे: गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २. एका रंगाचे ७६, चौघांचे ३०४. मोजताना डोकं जास्त चालवावं लागतं, पण राजा-राणीलाही किंमत असल्यामुळे फुकट पान कमी.

गुलाम आणि नव्वी वर कशी गेली याचं कुतूहल असेल तर, हॉलंडमध्ये क्लावरयास नावाचा खेळ आहे. ३२ पानांचाच. त्यात हुकमाचा गुलाम सगळ्यात मोठा, २० गुणांचा, आणि मागोमाग हुकमाची नव्वी, १४ची. बाकी रंगांत मात्र एक्काच वर. डच लोक १६६३पासून १७९५पर्यंत कोचीत होते. पत्त्यांचे अभ्यासक या खेळांचं नातं तिकडेच जोडतात.

बदामराणी

काय सुंदर माहिती! काका किलवरला 'क्लावर' म्हणायचे आणि गुलामाला 'गुलान'. डचमध्ये किलवर म्हणजे 'क्लावेरेन'. आपला किलवर आणि त्यांचा क्लावर एकाच घरचे असावेत असं मला नेहमी वाटत आलंय.

तळकोकणी

गुलाम राजाच्या वर, हे ऐकून माझ्या आजीला नवल वाटलं नसतं. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पानं, दहा अवतारांचे दहा रंग, आणि त्यातल्या निम्म्या रंगांत दश्शी मोठी, निम्म्यांत एक्का मोठा. एकाच डावात दोन उलटे क्रम डोक्यात ठेवायचे. त्यापुढे अठ्ठावीसचा क्रम सोपाच म्हणायचा.

केरळात याचा मोठा भाऊही आहे ना, ५६? सहा जण लागतात म्हणतात.

बदामराणी

हो, तीन-तीन जणांच्या दोन बाजू, एकाआड एक बसलेल्या. दोन कॅट घेऊन नव्वीपासून वरची ४८ पानं, प्रत्येकाला आठ. गुण दुप्पट, म्हणून ५६. तिथे बोली हीच भाषा असते. कुठला रंग किती आहे ते बोलीतूनच, सगळ्यांसमोर, भिडूंना सांगायचं. कर्जतवाल्यांच्या डब्यातल्या खोकल्यात आणि यात हाच फरक: इथे विरुद्ध बाजूही ते ऐकते.

आणि हरलेल्याला कानात 'कुणुक्कु' घालावा लागतो, म्हणजे डूल. आमच्याकडे डूल म्हणजे कपडे वाळत घालायचा चिमटा. काका स्वतः हरले की दोन्ही कानांना चिमटे लावून संध्याकाळचा चहा घ्यायचे, आणि दाराशी कुणी आलं तरी काढायचे नाहीत. हरण्याचा मान राखावा कसा, ते मी त्यांच्याकडे पाहून शिकले.

गिरगावकर

काल रात्री चौघे बसलो. वीस डाव झाले! एक डाव मनातून जात नाही, सांगा काय चुकलं. माझ्या भिडूची बोली १८. शेवटचे तीन हात बाकी, आमचे १२ गुण झालेले, हुकूम अजून बंद. भिडूने तोवर किलवर आणि इस्पिक अशा दोन उताऱ्या केलेल्या. माझ्या हातात बदाम नव्वी, बदाम अठ्ठी, इस्पिक सत्ती. डावीकडच्या गड्याने चौकट गुलाम उतरवला, पुढचं पान माझं. माझ्याकडे चौकट नाही. हुकूम चौकटच निघाला तर मागून काय उपयोग, असं वाटलं, म्हणून इस्पिक सत्ती टाकली. पुढच्याने चौकट अठ्ठी, भिडूला चौकट दश्शी टाकावी लागली. चार गुण गेले. शेवटी १७वर अडकलो.

बदामराणी

आधी एक: डावीकडच्यानंतर तुमचं पान आलं म्हणजे वाटप उजवीकडून होतं, छान.

आता डाव. किलवर, इस्पिक भिडूने स्वतः उतरवले, म्हणजे हुकूम बदाम किंवा चौकट. तुम्ही चौकटीला घाबरलात. पण चौकट गुलाम कुणाच्या हातातून पडला? विरुद्ध बाजूच्या. गुलाम नसताना चौकटीवर १८ची बोली कोण लावेल? हुकूम बदामच असणार, आणि बदाम गुलाम तुमच्या भिडूकडे.

गिरगावकर

अरेच्चा. खरंच की. बदाम गुलाम त्याच्याच हातात होता, सत्ती झाकलेली.

शिवडीकर

सत्ती झाकलेली, पाहा. मी आता ताईंचं ऐकतो. पण समजा मागितला असता, तर नव्वी मारायची की अठ्ठी? मी अठ्ठी मारून नव्वी राखली असती.

बदामराणी

नव्वी. पुढच्याकडे चौकट नसती तर त्याने तुमच्या अठ्ठीवर एखादा मोठा बदाम चढवला असता. नव्वीवर फक्त गुलाम चढतो, आणि तो तुमच्या भिडूकडे आहे हे तुम्ही आताच ओळखलंत. चौकट गुलामाचे तीन, नव्वीचे दोन, भिडूच्या दश्शीचा एक. बारा आणि सहा, अठरा. पुढचे दोन हात कुणीही नेले असते तरी चाललं असतं.